मी फक्त वास झाकला

मित्रांनो, मी माउथवॉशची एक जुनी बाटली आहे. माझ्या अंगावरचा कागद आता अर्धा सोलून गेला आहे. पण मी तुमच्यापुढे म्हातारपणाचे रडगाणे गाणार नाही. मला एक कबुली द्यायची आहे. एका भल्या माणसाचे दोन दात गेले, आणि त्यात माझा हात होता.

माझा जन्म कारखान्यातला. गरम प्लॅस्टिकच्या नळीत जोराची हवा फुंकली आणि मला पोट, खांदे, गळा मिळाला. मग माझ्यात निळे, झणझणीत पाणी भरले गेले आणि अंगावर कागद चिकटला. समोर ठसठशीत अक्षरांत लिहिले होते, ‘दिवसभर ताजा श्वास’. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत बरेच काही होते. पण दुकानात आम्हा सगळ्या बहिणींना तोंड पुढे करूनच उभे करत. मागचे वाचायला कोण जातो?

मला घेतले ते शिट्टीमामांनी. त्यांचे लहानसे सलून होते. दोन खुर्च्या, एक लांब आरसा आणि कोपऱ्यात बेसिन. केस कापताना मूल रडू लागले की मामा पक्ष्यासारखी शीळ घालत. मूल मान ताठ करून आरशात पक्षी शोधू लागे, आणि तेवढ्यात मामांची कात्री कानामागून फिरूनही येई. म्हणून मुलांनी त्यांना हे नाव दिले होते.

मामांच्या कामात गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याजवळ चेहरा न्यावाच लागतो. एकदा दाढी चालू असताना खुर्चीतल्या गृहस्थाने मान हळूच पलीकडे वळवली. मामा काय समजायचे ते समजले. त्याच दुपारी ते मला घेऊन आले. टोपणभर पाणी तोंडात घेऊन त्यांनी खळखळून चूळ भरली, तळहातावर श्वास सोडून हुंगला आणि म्हणाले, “वा! जादूच आहे की!”

मी अशी फुशारले म्हणून सांगू! तेव्हापासून दर दोन गिऱ्हाइकांमागे माझी आठवण होऊ लागली. मी संपले की मामा मोठ्या डब्यातून मला पुन्हा भरत, कारण आरशाखालच्या अरुंद फळीवर मीच नेमकी मावत होते. असे जवळजवळ दोन वर्षे चालले.

आता लाजिरवाणे ते सांगते. मामा बेसिनमध्ये चूळ टाकत तेव्हा ते निळे पाणी गुलाबी होऊन पडे. मी ते पहिल्या आठवड्यातच पाहिले होते. त्यांच्या हिरड्यांतून रक्त येत होते. ब्रश लागला की जास्तच येई, म्हणून मामा ब्रश वरवर फिरवत. पुढे पुढे एखाद्या सकाळी तोही टाळत. “ही आहे ना,” म्हणत माझ्या डोक्यावर टपली मारत. दातांच्या मुळाशी घट्ट थर साचत होता. तिथवर माझे पाणी पोहोचतच नव्हते. शिवाय माझ्यातल्या अल्कोहोलने मामांचे तोंड कोरडे पडे. कोरड्या तोंडाला लवकर वास येई आणि मामा पुन्हा माझ्याकडे वळत. म्हणजे गरज मीच वाढवायची आणि वर शाबासकीही मीच घ्यायची!

मामांची मुलगी शाळेत शिक्षिका होती. ती एकदा डबा घेऊन आली आणि बेसिनपाशी थबकली.

“बाबा, हे रक्त कसलं? दातांच्या डॉक्टरांना दाखवून या ना.”

“अगं, आधी सांग, माझ्या तोंडाला वास येतो का?”

तिने जवळ येऊन पाहिले. “नाही येत.”

“मग झालं तर!”

मित्रांनो, ती डबा ठेवून तशीच परत गेली ती माझ्यामुळे. तिने खरे तेच सांगितले होते. खोटी साक्ष दिली होती मी.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी एक छोटी मुलगी पहिल्यांदाच केस कापायला आली. आईचा पदर काही सोडेना. मामांनी तिला खुर्चीत बसवले, ओठांचा चंबू केला आणि शीळ घातली. नुसती फुस्स अशी हवा निघाली. त्यांनी पुन्हा ओठ आवळले. तेव्हा वरचा दात जिभेला लागून हलला. मुलगी खुदकन हसली. तिला तो खेळ वाटला. मामा मात्र कात्री खाली ठेवून आरशासमोर तसेच उभे राहिले. त्यांनी बोटाने दात चाचपला. शेजारचाही हलत होता.

दुसऱ्या दिवशी मामांची मुलगी त्यांना दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मामांनी मलाही पिशवीत घेतले होते. आपण हयगय केली नाही, हे त्यांना दाखवायचे होते.

बाईंनी तपासले आणि मग मला उचलून सरळ मागची बाजू वाचली. “यावर ‘हे दात घासण्याला पर्याय नाही’ असं लिहिलंय. वाचलं होतंत?”

बाईंनी मला टेबलावर ठेवले, तेव्हा मामा वाकून ती बारीक अक्षरे वाचू लागले.

“वास येणं हा तुमच्या हिरड्यांचा निरोप होता, मामा. तुम्ही तो दोन वर्षं दारातूनच परत पाठवलात. हे दोन दात आता राहणार नाहीत. बाकीचे साफ करून वाचवू.”

“म्हणजे हे सगळं थोतांडच?” मामांनी विचारले.

“थोतांड नाही. पण हे मदतनीस आहे. दोन वेळा नीट ब्रश, दातांच्या फटी साफ करणं, हे आधी. दात किडत असतील तर फ्लोराइडवालं घ्यावं. तेही ब्रश केल्या केल्या नाही, जरा वेळाने. नाहीतर पेस्टचं फ्लोराइड धुऊन जातं. तोंड कोरडं पडत असेल तर बिनअल्कोहोलचं. हिरड्यांसाठी एक कडक औषधी प्रकार असतो, तो आम्ही सांगू तेवढेच दिवस, नाहीतर दातांवर डाग पडतात. आणि लहान मुलांच्या हाती तर देऊच नका, ती गिळून टाकतात. नुसता ताजा श्वास म्हणणारी बाटली फक्त वास झाकते.”

ते शेवटचे वाक्य माझ्याबद्दल होते. मला त्या टेबलावर उभे राहवेना.

दोन दात गेले. त्या जागी नवे बसवले, पण शीळ पहिल्यासारखी जमली नाही. त्या दिवशी दवाखान्यातून घरी येताना मुलगी चिडून म्हणाली, “फेकून द्या ती बाटली!” मामा म्हणाले, “तिच्यावर कशाला राग? मागे लिहिलं होतं. मीच वाचलं नाही.” त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरे झाले असते. मुंगीएवढी अक्षरे हा काही माझा बचाव नव्हे.

मामांनी मला धुऊन काढले आणि केस ओले करायचे पाणी माझ्यात ठेवू लागले. आजही मी त्याच फळीवर असते.

परवा नेहमीचे टॅक्सीवाले दाढीला आले. मामा त्यांच्या चेहऱ्याजवळ वाकले आणि वस्तरा हवेतच थांबला. मला वाटले, आता मामा मान वळवणार. पण त्यांनी खुर्ची स्वतःकडे फिरवली आणि दबक्या आवाजात म्हणाले, “राग मानू नका. तुमच्या तोंडाला वास येतोय. ब्रश करताना रक्त येतं का?”

टॅक्सीवाले कानापर्यंत लाल झाले. त्यांनी मांडीवरच्या टॉवेलची घडी घातली, मोडली. मग म्हणाले, “येतं. कुणी बोललंच नाही हो मला.” एवढ्यात त्यांचे लक्ष माझ्याकडे गेले. “ते माउथवॉश द्या की थोडं.”

“त्यात आता नुसतं पाणी आहे,” मामा म्हणाले. “चला, दाढी उरकतो आणि डॉक्टरीणबाईंचा दवाखाना दाखवायला मीच येतो.”

ते दोघे गेले. मी दार लोटलेल्या दुकानात एकटीच होते. मामा एका वाक्यात जे करून गेले, ते मला दोन वर्षांत जमले नव्हते.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी कुणी चूळ टाकली आणि पाणी गुलाबी दिसले, तर गप्प बसू नका. ते रागावतील, हसण्यावारी नेतील. तरी सांगा, पुन्हा पुन्हा सांगा. मला तेव्हा बोलता येत नव्हते. तुम्हाला येते.