डावी बाजू

"अहो, फडकं नीट टाका. त्या निळ्या दिव्यावरून मला कळेल कोणता चालू आहे ते."

"कळलं तर कळू दे ना," नवरा म्हणाला. "नवाच चांगला आहे. मी काय कचरा उचलून आणलाय?"

"म्हणूनच फडकं टाका."

लेक खुदकन हसली. जुना प्लेअर आईचा लाडका, नवा बाबांनी परवा मिरवत आणलेला, आणि तेव्हापासून घरात त्या दोघांवरून नुसती धुमश्चक्री. आता दोन्ही शेजारी शेजारी, एकाच अँप्लिफायरला जोडलेले, वर उशीचा अभ्रा. लग्नात नवरानवरीत धरतात ना अंतरपाट, तसा काहीसा थाट. फक्त इथे कुणालाही पसंत पडायची घाई नव्हती.

"आई, पण एवढं कशाला? एक लाव, मग दुसरा लाव, झालं."

"तसं नाही चालत, बाळा. एक जरा मोठ्याने वाजला की तोच गोड वाटतो. कान फसतात." तिने एक सलग सूर लावला, उजव्या स्पीकरच्या मागे मीटरच्या काड्या टेकवल्या आणि बटण केसाएवढं फिरवून दोन्ही प्लेअरचा आवाज अगदी सारखा करून घेतला. "आता तूच बटण फिरवायचं. कोणता लावलास ते सांगायचं नाही. आणि माझ्याकडे बघून दात काढायचे नाहीत."

ती बोलत होती, हात सराईतपणे चालत होते, पण लक्ष प्लेअरकडे नव्हतंच.

ती अशाच मशीनच्या दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. तिथे नीट झालेलं प्रत्येक मशीन शेवटी तिच्यापुढे यायचं. तिने ऐकून मान हलवली की मगच ते गिऱ्हाइकाच्या हातात. दुकानात तिचं नावच पडलं होतं, 'कानवाल्या बाई'. मेकॅनिक चिडवायचे, "बाई जवळ असल्या तर पोटातल्या कावळ्यांनाही गप्प बसवा रे, त्यांना ऐकू जाईल."

आणि गेल्या आठवड्यात एक मशीन परत आलं. डाव्या बाजूने वाजतच नव्हतं. तिनेच पास केलेलं. मालक हसले, म्हणाले, "चालायचंच बाई, तुम्हीपण माणूसच." तिला काही हसू आलं नाही. जेवताना, केस विंचरताना, अंथरुणात पडल्यावर तेच मशीन डोक्यात. उजव्या कानात बोट घालून पाहिलं असतं तर क्षणात सोक्षमोक्ष लागला असता. पण हात वर जायचा, बट कानामागे सारायचा आणि गुपचूप खाली यायचा.

म्हणून हा सगळा घाट. नवऱ्याला वाटत होतं, परीक्षा प्लेअरची आहे.

त्याने डावा स्पीकर जरा पुढे ओढला, मागची धूळ पुसली, पुन्हा सरळ लावला आणि तिला दिसणार नाही असा जाऊन बसला. "चला, लागू दे निकाल."

ती दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये खुर्चीत बसली. डोळे मिटले. गाणं सुरू झालं. एक बाई गात होती, मागे कुणीतरी सतार छेडत होतं. बटण कटकन वाजलं, तीच ओळ पुन्हा.

"दुसरा," ती म्हणाली. "याच्यात गळा मोकळा लागतोय." फरक कळत होता की. उगाच जीव टांगणीला लावला होता. "सतार मात्र दोन्हींत जरा दबलीये. पुन्हा लाव."

बटण वाजलं नाही.

"लाव ना गं."

"आई," लेक म्हणाली, "सतार डावीकडून येतच नाहीये. डावा स्पीकर बंद आहे. मघापासून."

तिने डोळे उघडले. दोघं तिच्याकडे बघत होती. स्पीकरच्या मागे एक तार सुटून जमिनीवर लोंबत होती. ओढाताणीत निघाली असणार.

नवऱ्याने मांडीवर थाप मारली. "आयला, म्हणजे तू मुद्दाम काढलीस! परीक्षा आमची चाललीये होय? आम्हाला कळतंय का बघायला! काय बाई आहे ही!"

हो म्हणायचं, बस्स. एवढाच शब्द. नवरा तयारच होता ऐकायला, लेकही हसायच्या बेतात होती. तिच्या जिभेवर आलासुद्धा.

ती उठली. खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि स्पीकरकडे पाठ करून बसली. दुकानात ती हेच करायची. एक बाजू मुकी असली की दोन्ही बाजूंच्या तारा अदलाबदल करायच्या आणि मुकेपणा कुणाबरोबर जातो ते बघायचं. इथे तारा हलवायची गरज नव्हती. चालू असलेला उजवा स्पीकर आता तिच्या डाव्या कानाशी आला होता.

"लाव," ती म्हणाली.

गाणं लागलं असावं. कारण लांबून कुठूनतरी, शेजारच्या घराचं दार लावून घेतल्यावर येतो तसा, एक पुसट गळा आला. तोही उजव्या कानाने भिंतीवरून उचललेला. तिने मान वळवली, गाणं भरून आलं. मान सरळ केली, गेलं.

"काय गं?" नवऱ्याचा आवाज आता वेगळा होता. "काय झालं?"

"मशीन ठीक आहे," ती म्हणाली. "दोन्ही ठीक आहेत." मग नवऱ्याकडे बघितलं. "डाव्या कानाने ऐकू येत नाहीये मला. उद्या मालकांना सांगते. त्या गिऱ्हाइकाची माफी मागायची राहिलीये. मग डॉक्टरकडे जाऊ. तुम्ही याल ना?"

"येईन म्हणजे काय," तो म्हणाला आणि अभ्र्याची घडी घालत बसला.

लेकीने गुडघ्यावर बसून सुटलेली तार खाचेत बसवली.

"घट्ट बसली का?"

"हो."

"वाजतंय का तिकडून? नीट ऐकून सांग."

लेकीने स्पीकरच्या जाळीला कान लावला. खुर्चीत अर्धवट वळून ती लेकीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, उत्तर येईपर्यंत.