चार जामांची बरणी

मी एक जुनी चिनी मातीची बरणी आहे, मित्रांनो. गळ्याजवळ तपकिरी, खाली पांढरी, दोन बाजूंना दोन कान आणि पोटात पन्नास लिटर मावतील एवढी ऐसपैस. तुमच्या फडताळातल्या लोणच्याच्या बरण्या माझ्यापुढे नाती शोभतील. माझा स्वभाव थोडा तापट आहे, हे आधीच सांगून ठेवते. भट्टीतून आलेलं कुणीही थंड डोक्याचं नसतं.

माझा जन्म गुजरातेतल्या एका भट्टीत झाला. आम्ही अकरा जणी एकदम आत गेलो आणि सातच बाहेर आलो. बाकीच्या चौघी आतच तडकल्या. तिथून मी तारापूरच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये आले आणि तीस वर्षं कैरीचं लोणचं सांभाळलं. दुपारचा भोंगा झाला की कामगार ताटं घेऊन रांग लावायचे. "चाचा, अचार थोडा और," असं कुणी म्हटलं की मला उगाच मोठेपणा वाटायचा. पुढे तयार लोणच्याच्या प्लॅस्टिकच्या बादल्या आल्या आणि मला सायकल स्टँडमागे नेऊन ठेवलं. माझ्यात विड्यांची थोटकं पडली, पावसाचं पाणी साठलं, एका बेडकाने तर तिथेच संसार मांडला. गरज सरो वैद्य मरो म्हणतात, ते मी भोगलं आहे.

तिथून मला उचललं कीर्तीने. ही त्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करायची, आठवडाभर कारखान्याजवळ सालवडला खोली घेऊन राहायची आणि सुट्टीला केळव्याजवळच्या माहीमला आईवडिलांकडे जायची. तिने माझ्यावर बोटाचं पेर वाजवलं, कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "खणखणीत आहे." मग टेम्पोत घालून मला माहीमच्या वाडीत आणलं, सोड्याच्या गरम पाण्याने धुतलं आणि तीन दिवस उन्हात ठेवलं. लोणच्याचा वासही शिल्लक राहिला नाही. मला पुन्हा कामाला लावणार म्हणून मी खूश होते.

काम काय होतं, ते ऐका. कीर्तीच्या वाडीत पांढऱ्या जामाची चार जुनी झाडं होती. जाम म्हणजे ते घंटेसारखं पाणीदार फळ, दाताखाली कुरकुरणारं. हल्लीचे लाल जाम दिसायला मोठे, पण या पांढऱ्यांना गुलाबपाण्यासारखा वास. दुर्दैव एवढंच की सकाळी उतरवलेला जाम संध्याकाळी डागाळतो. अर्धी फळं झाडाखालीच कुजायची. तिचे वडील प्रताप या घाणीला कंटाळले होते. झाडं काढून तिथे केळव्याच्या पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधायचं त्यांच्या मनात होतं.

कीर्तीने वेगळाच मार्ग काढला. परदेशात जुन्या जातीच्या सफरचंदांचा रस आंबवून सायडर करतात, तसं या जामांचं करायचं. वाइन बनवण्याचा परवाना असलेल्या एका वायनरीला तिने पटवलं, त्यांच्या परवानगीचा कागद पडवीच्या भिंतीला चिकटवला. नमुना चांगला आंबला तर दर वर्षी वाडीतले सगळे जाम ते घेणार होते. (हे मोठ्या माणसांचं पेय आहे, मित्रांनो. तुम्ही गोष्ट प्या, तेवढी पुरे.) जामात गोडी कमी, म्हणून त्यात ताडाची नीरा घालायची होती.

प्रतापरावांनी अट घातली. "बुधवारी रस भर. लाकूडवाला शनिवारी सकाळी येतो. तोवर रसाला फेस आला तर झाडं राहतील. नाय आला तर मला आडवू नको."

"दोन दिवसांत येतो फेस, पप्पा," कीर्ती हसून म्हणाली. मीही मनात हसले. तिथेच आम्ही दोघी चुकलो.

मंगळवारी संध्याकाळी पडवीत कुणी नसताना गोमा आला. गोमा दर हंगामात डोंगराकडून उतरायचा आणि या वाडीतल्या ताडांवर चढून नीरा उतरवायचा. स्वभावाने देवमाणूस. त्याने माझ्यात डोकावून पाहिलं, कमरेची चुन्याची डबी काढली, मग आणखी चुना कालवून आणला आणि आतून मला नीट लिंपून काढलं. लिंपताना स्वतःशीच बोलत होता, "चुना असला का रस आंबत नाय. शेटाच्या घरी रस गोडच पायजे."

मित्रांनो, इथेच घात झाला! ताडाच्या मडक्याला आतून चुना लावला की नीरा गोड राहते, तिची ताडी होत नाही. या घरासाठी गोमा वर्षानुवर्षं असंच वेगळं मडकं लावायचा. पण या वेळी रस आंबायलाच तर हवा होता, आणि हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला फक्त "नीरा जास्त आण" एवढाच निरोप गेला होता, म्हणून ती माझ्यात साठवणार असं त्याला वाटलं. माझं पोट आतून पांढरंच, चुनाही पांढराच. कुणाला दिसणार? मला एवढं मोठं तोंड, पण ते काय कामाचं!

बुधवारी सकाळी चारही झाडांचे जाम उतरले. कीर्तीची आई मंदाकाकू यांनी एकेक फळ पुसून डागाळलेलं बाजूला काढलं. रस निघाला, नीरा मिसळली, यीस्ट पडलं. माझं तोंड बंद करून त्यातून एक नळी काढली आणि तिचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलं. रस आंबू लागला की बाटलीत बुडबुडे येणार होते.

गुरुवारी बुडबुडे आले नाहीत. कीर्ती रजा टाकून माझ्याजवळ बसली होती. तिने यीस्टची दुसरी पुडी घातली. मला ऊब मिळावी म्हणून गोधडी गुंडाळली, एप्रिलच्या उकाड्यात! कारखान्यात दिवसाला पन्नास बाटल्या तपासणारी ही पोर, पण घरच्या बरणीतल्या रसाला आंबटपणा तपासायची पट्टी लावायचं तिच्या डोक्यात आलं नाही. मला तिचा राग येत होता आणि कीवही येत होती. प्रतापराव येता-जाता बाटलीकडे बघायचे आणि पुढे जायचे. ते टोमणा मारते तर बरं झालं असतं.

शुक्रवारी दुपारी गोमा नीरेचं मडकं घेऊन आला, तर कीर्ती गुडघ्यांत डोकं घालून बसलेली.

"काय झाला बाय?" त्याने मंदाकाकूंना विचारलं.

"रस मेला रे. तीन दिस झाले, फेस नाय."

गोमाने माझं झाकण उघडलं, पळीने थेंबभर रस जिभेवर ठेवला आणि त्याचा चेहरा खुलला. "गोड हाय! मंग रडता कशाला? आमी चुना लावला व्हता ना आतून. नासू नये म्हनून."

कीर्तीने डोकं वर केलं. "चुना? गोमाकाका, या बरणीला?"

"आतून. चांगला लिंपला," तो अभिमानाने म्हणाला. मग दोघींचे चेहरे बघून त्याचा आवाज खाली आला. "चुकला का आमचा?"

कीर्तीने धावत जाऊन पिशवीतून पट्टी आणली आणि रसात बुडवली. पट्टी निळी पडली, म्हणजे रसात चुनाच चुना. काय बिघडलं ते तिने गोमाला समजावून सांगितलं, तेव्हा त्याने वळून जामाच्या झाडांकडे पाहिलं. "झाडा जातील आता. आमच्या हातान जातील."

"तुला कोनी सांगितलंच नाय, तर तू काय करशील?" मंदाकाकू म्हणाल्या. "आता लिंबं गोळा करू या. चुन्याला आंबट मारील."

गोमा थेट शेजारच्या वाड्यांत गेला. तासाभरात त्याने आणि मंदाकाकूंनी मिळून शंभरेक लिंबं जमवली. कीर्ती एकेक पळी लिंबाचा रस घालायची, ढवळायची, पट्टी बघायची. निळीची हिरवी, हिरवीची पिवळी होता होता संध्याकाळ झाली. चुन्यामुळे निदान रस नासला नव्हता, एवढं गोमाचं पुण्य. शेवटी नवं यीस्ट पडलं.

शनिवारी सकाळी लाकूडवाला झाडं कापायचं मशीन घेऊन हजर झाला. बाटली अजून शांत होती.

"पप्पा, दुपारपर्यंत थांबा. चूक कालच कळली हो."

"बुधवारपासून थांबलोच ना मी?" प्रतापरावांचा आवाज कठोर नव्हता, थकलेला होता. "हा मानूस आता पावसाळा झाल्यावरच येल. शब्द दिलाय मी त्याला."

मशीन सुरू झालं. माझ्या पोटात तेव्हा बारीक चुळबुळ लागली होती. मला ती कळत होती! तळाशी कण हलत होते, रस जागा होत होता, पण नळीपर्यंत काही पोहोचत नव्हतं. मी जीव एकवटून वाट पाहत होते. बाहेर मशीनचा आवाज एकदम बदलला, आणि कोपऱ्यातलं पहिलं झाड धाडकन पडलं. जमीन हादरली, मीही हादरले, आणि बाटलीत आवाज झाला. बुडुक.

मशीनच्या गोंगाटात तो कुणाला ऐकू जाणार? पण गोमा सकाळपासून माझ्याजवळ उकिडवा बसून होता. त्याने दुसरा बुडबुडा पाहिला, तिसरा पाहिला आणि धावत सुटला. दुसऱ्या झाडाच्या खोडाला त्याने दोन्ही हातांनी मिठी घातली. "शेट, आला! फेस आला! बंद करा ता!"

प्रतापरावांनी हात वर केला. मशीन थांबलं. ते पडवीत आले, बाटलीसमोर बसले आणि दहा बुडबुडे मोजून उठले. मग लाकूडवाल्याला म्हणाले, "जा बाबा. माझी चूक झाली."

मंदाकाकू आत आल्याच नाहीत. त्या पडलेल्या झाडाच्या फांद्यांतून उरलेले जाम वेचत होत्या. पदरभर फळं आणून त्यांनी माझ्याशेजारी ठेवली आणि कीर्तीला म्हणाल्या, "ह्यांचा पन रस काढ गो."

वायनरीला नमुना आवडला. यंदाही मी भरले आहे, तीन झाडांच्या रसाने. हल्ली मला रोज पुसतात, माझ्यावर कुणी ओरखडाही येऊ देत नाही.

म्हणून मित्रांनो, या म्हातारीचं ऐका. जुनी भांडी जपा, जुनी झाडं जपा, हे तर तुम्हाला शाळेतही सांगतात. मी आणखी एक सांगते. जो माणूस तुमच्यासाठी राबतो, त्याला फक्त काय आणायचं ते सांगू नका, कशासाठी आणायचं तेही सांगा. मंगळवारी गोमाला कुणी एवढं सांगितलं असतं, तर वाडीत आज चार झाडं असती.