मराठीत आलेला फोन

तुळशीराम बोरकुटेंनी बत्तीस वर्षं जबलपूरच्या फॅक्टरीच्या गेटवर पास तपासले. साहेबाचा मेहुणा असो नाहीतर मेहुण्याचा साहेब, पास नाही तर आत नाही. हा माणूस फसेल असं कुणी म्हटलं असतं, तर महाराजपुरातल्या त्यांच्या कॉलनीने त्यालाच वेड्यात काढलं असतं.

मुलगी प्रणोती शिकायला वॉर्साला निघाली, तेव्हा उपदेशाचं खातं त्यांनी स्वतःकडे घेतलं. रोकड एका जागी ठेवू नको. कार्ड दुकानदाराच्या हाती देऊ नको. मशीनवर नंबर दाबताना दुसऱ्या हाताने झाक. स्वतः ते नागपूरच्या पलीकडे कधी गेले नव्हते, पण उपदेशाला कुठे तिकीट लागतं? शेवटी म्हणाले, "अडलीस तर मराठी माणूस शोध. आपला माणूस आपल्याला बुडवत नाही."

प्रणोतीला मराठी कळायची, बोलायची मात्र ती हिंदीच. तिने जाताना एकच बजावलं, "पापा, ओटीपी किसी को मत देना. मेरा नाम लेकर मांगे, तो भी नहीं. पहले मुझे फोन करना."

कार्ड हरवलं तर इथून बंद करता यावं, म्हणून त्याचे सगळे आकडे तुळशीरामांच्या डायरीत होते. ओटीपीही त्यांच्याच मोबाइलवर यायचा. आणि कार्डात होती वर्षाची फी, म्हणजे त्यांचा सगळा फंड. घरात दुसरी पुंजी नव्हती.

बापाचं काळीज, स्वस्थ कसं बसणार? परदेशातल्या मराठी लोकांच्या एका मोबाइल ग्रुपवर त्यांनी मुलीचं नाव, शहर, कॉलेज, सगळं लिहिलं. पोरगी नवी आहे, लक्ष असू द्या. बऱ्याच जणांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. एकाने मंगळवारी दुपारी थेट फोन केला.

"काकाजी, मी गुणवंत, वर्ध्याचा. घाबरू नका. प्रणोतीचं पाकीट ट्राममध्ये चोरीला गेलं. फोनबी त्यातच होता. पोरगी रडून राहिली इथं. आपण पहिले कार्ड बंद करून टाकू."

बाजारात हिंदी, बँकेत हिंदी, पोटची पोरही हिंदी बोलणारी. त्या 'रडून राहिली'ने तुळशीराम विरघळले. तिला एकदा फोन लावावा असं मनात आलं होतं, पण फोन तर चोरीला गेलेला. आणि वर्ध्याच्या पोराकडे पास काय मागायचा? त्यांनी चष्मा लावून डायरीतले आकडे वाचून दाखवले, मागचे तीनसुद्धा. मग ओटीपी सांगितला. वर त्याचे आभार मानले आणि जेवलास का म्हणून विचारलं.

संध्याकाळी प्रणोतीचा फोन आला, तिच्याच नंबरवरून. पाकीट तिच्यापाशी होतं, कार्ड कपाटात होतं. कार्डात काही उरलं नव्हतं.

पोलिसात तक्रार लिहून घेणारा माणूस भला होता. पैसे पहिल्या पंधरा मिनिटांतच कुठल्या कुठे गेले, आशा धरू नका, असं त्याने समजावून सांगितलं. कॉलेजने आठवड्याची मुदत दिली. तुळशीराम दीक्षितपुऱ्यातल्या चुलतभावापासून जुन्या सोबत्यांपर्यंत सगळ्यांची दारं झिजवून आले. फी भरली गेली नाही आणि प्रणोतीचं नाव कटलं. बायको अंजनी त्यांना एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. ते जेवायला बसायचे आणि ताटावरून तसेच उठायचे. पोरीचं आयुष्य आपण आपल्या तोंडाने वाचून दाखवलं, हे त्यांच्या मनातून जाईना.

ती परत निघाली त्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन वाजला. तिकडचं सिम बंद झालेलं, विमानतळावर कुणाचा तरी फोन मागून घेतलेला. बापाला धीर द्यायचा म्हणून काय बोलायचं ते तिने वाटेत घोकून ठेवलं होतं, जन्मात पहिल्यांदाच मराठीत.

"बाबा, तुम्ही जेवले का? मी येऊन राहिली. तुम्ही रडू नका."

हेच ऐकायला तुळशीरामांनी वीस वर्षं तिच्या विनवण्या केल्या होत्या.

"कोण बोलून राहिली तू?" त्यांनी विचारलं. "कोणाचं नाव घेऊन बोलून राहिली?"



"पापा," ती रडत म्हणाली, "मैं हूं."

हिंदी ऐकली, तेव्हा कुठे त्यांना ती आपली पोर वाटली.