डावी कळी

अकरावीला महाडच्या कॉलेजात आम्हाला तर्कशास्त्र होतं. सरांनी गृहपाठ दिला : रोजच्या बोलण्यातले वैगमनिक युक्तिवाद ओळखून आणा. म्हणजे चार गोष्टी बघून पाचवीचं ठासून सांगणारी माणसं शोधायची. आमच्या पोलादपूरकडच्या डोंगरवाडीत ती शोधावी लागत नाहीत, आवरावी लागतात.

त्याच आठवड्यात गावकीचे पुढारी भागोजीकाका यांनी माझ्यासाठी देवीला कौल लावला. मुलगी शिकायला खाली उतरणार असेल तर विचारायची रीत आहे, आणि बाबांनी न विचारताच माझं नाव घातलं होतं. मुलग्यांना ही रीत नाही. माझा भाऊ राजू दहावी नापास होऊन मुंबईला गेला, तेव्हा देवीला कुणी उठवलं नाही! देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर जा, डावी पडली तर घरी बस. माझी डावी पडली.

संध्याकाळी काका आमच्या अंगणात बसून बाबांना समजावू लागले. "चांगूच्या जनीला डावी पडली, घरी ऱ्हायली, सुखात हाय. सुंदराबाईची पोर, तिचं बी तसंच. कौल आजवर खोटा झाला नाय. हिचा बी व्हनार नाय."

बाबा मान डोलवत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जनीताई सुखात आहे हे जनीताईला कुणी विचारलं होतं?

"काका, डावी पडली त्या सगळ्या घरीच बसल्या. डावी पडूनसुद्धा गेली आणि वाटोळं झालं, अशी एक तरी दाखवा. मग कौल खरा."

"देवीला खोटी म्हनतेस गो?"

"देवीला नाय. तुमच्या हिशोबाला."

"बस झालं," बाबा ओरडले. "उद्यापासून तुझी यष्टी बंद."

मी रागाने रडायलाच लागले. तेवढ्यात म्हशीची धार काढून आई गोठ्याबाहेर आली. भांडं खाली ठेवून ती काकांसमोर उभी राहिली.

"माझी बी डावीच पडली व्हती, भावजी. म्हायेरी, सातवीला."

"मंग? बघ, तू बी सुखातच हायस."

"कुनी सांगितलं?" आईने डोक्यावरचा पदर नीट केला. "त्या सुखातल्या बायांत मला धरू नका. पोर उद्या जानार."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि उद्याच्या यष्टीचे पैसे माझ्या हातावर ठेवले.