इंजिन मागे होतं

बोलावं की गप्प बसावं, या एकाच गोष्टीने जावईबापूंचा जीव दोन तास टांगणीला लागला होता. जीपमागे बंद ट्रेलर, ट्रेलरच्या पोटात सासऱ्यांची जुनी मोटार, शेजारी खुद्द सासरे, आणि मागच्या सीटवर बायको, कुशीत चार महिन्यांची लेक. म्हणजे घाबरायला सगळंच सोबत घेतलेलं!

सासऱ्यांचा उभा जन्म गॅरेजात गेलेला. सकाळी मोटार त्यांनीच चढवली, नेहमीसारखी तोंड पुढे करून. चारी चाकं पट्ट्यांनी अशी आवळली की नाव ठेवायला जागा नाही. पण या मोटारीचं इंजिन मागे! सगळा भार ट्रेलरच्या शेपटाकडे गेला आणि जीपला जोडलेलं टोक वर उचललं जाऊ लागलं. अशाने ट्रेलर वेगात झोकांड्या खातो; जावयाला ते तिथेच दिसलं होतं. ‘बाबा, उलटी चढवू या,’ एवढं वाक्य ओठांवर आलं आणि त्याने गिळलं. लग्नाला तीन वर्षं झाली तरी सासऱ्यांपुढे याची बोबडी वळायची, त्याला कोण काय करणार?

आरसा बघ, मान चोळ, पुन्हा आरसा. साठच्या पुढे काटा गेला की मागून हेलकावा यायचा.

“पाय अवघडलाय का? दाब की जरा!” सासरे म्हणाले.

“वारा आहे, बाबा.”

“वारा! झाडाचं पान हलत नाहीये.”

उतारावर मात्र ट्रेलर बिथरला. डावीकडे, उजवीकडे, जीपलाही फरफटवत. बाळाने टाहो फोडला. ब्रेक दाबायचा मोह त्याने कसाबसा आवरला, नुसता पाय उचलला आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. जीप एकदाची कडेला थांबली.

“बाबा, इंजिन मागे आहे. मोटार उलटी चढवायला हवी होती.”

आता खरपूस समाचार घेतला जाणार, म्हणून तो मान खाली घालून बसला. सासऱ्यांनी मागे वळून ट्रेलरकडे पाहिलं.

“चुकलंच माझं,” म्हणाले आणि उतरले.

दोघांनी मोटार बाहेर काढली, उलटी चढवली, पट्टे पुन्हा आवळले. जावयाला हायसं वाटलं. एवढं सोपं होतं होय!

“तुला कधी कळलं?” बायकोने विचारलं.

“सकाळीच. चढवताना.”

बाळाला थोपटणारा तिचा हात थांबला.

“बाबांच्या लक्षात आलं नाही. तुझ्या आलं होतं. आणि तरी तू आम्हाला यात बसवलंस.”

“अगं, ते रागावले असते...”

“चावी दे. पुढे मी चालवते.”

त्याने चावी दिली आणि लेकीला घ्यायला हात पुढे केले. तिने बाळ आपल्या बाबांकडे दिलं.