संत दोनातोंचं वजन

कंपनीनं नकार कळवला तो चार ओळींत, आणि त्यातल्या दोन पत्त्याच्याच होत्या. क्षमतेहून जास्त भार वाहिल्यामुळे गाडीचा मागचा ॲक्सल मोडला आहे, सबब वॉरंटी लागू होत नाही. एर्मिनियोनं पत्र वाचून बायकोकडे दिलं. ओर्सोलानं वाचून परत त्याच्याकडे दिलं.

"आणखी चिकटव गाडीत कात्रणं," ती म्हणाली.

टेम्पो एप्रिलात घेतलेला, कोरा करकरीत. मागे भाजी आणि टपावर भोंगा घेऊन एर्मिनियो पेत्राफोस्का या आपल्या गावाच्या आसपासची डोंगरगावं त्यावर पालथी घालायचा. सप्टेंबरात ढोबळ्या मिरचीचे क्रेट भरून चढ चढताना मागून कडकन आवाज झाला आणि टेम्पो खाली बसला. मिरचीनं ॲक्सल मोडल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. पण सर्व्हिस सेंटरमधल्या मेकॅनिकनं केबिनचं दार उघडलं, तर आरशाखाली वर्तमानपत्राचं कात्रण, तेही प्लास्टिकमध्ये घालून चिकटवलेलं. फोटोत फुलांनी सजवलेला टेम्पो, त्यावर संत दोनातोंची मूर्ती, आणि स्टिअरिंगमागे छाती काढून बसलेला एर्मिनियो. वर मथळा: 'नऊ क्विंटलचे संत प्रथमच चाकांवर'. गाडीच्या कागदांत क्षमता सहा क्विंटल. पुढची वजाबाकी मेकॅनिकनं केली.

संत दोनातोंचं वजन नऊ क्विंटल, हे पेत्राफोस्कात कुणाला शिकवावं लागत नाही. चर्चच्या भिंतीवरच्या संगमरवरी पाटीत ते कोरलेलं आहे. शेजारच्या कास्तेलग्रानोचे संत वीतो साडेआठ क्विंटलचे. मधल्या त्या अर्ध्या क्विंटलवरून दोन गावांत कैक सोयरिकी मोडल्या आहेत. वजन मात्र कुणी कधी केलेलं नव्हतं. संतांना काट्यावर चढवायचं म्हणजे सासूला चारचौघांत वय विचारण्यासारखं.

पालखी वाहायचे बारा मानकरी, आणि त्यांचा मुख्य एर्मिनियोचा बाप, रेमिजो. त्याच्या उजव्या खांद्यावर लिंबाएवढा घट्टा होता. उन्हाळाभर तो दारात बनियनवर बसायचा, आणि ते काही उकाड्यामुळे नव्हे. पाठ इतकी वाकलेली की उठताना काहीतरी धरावं लागे. गावातली तरुण पोरं तोरिनोला नाहीतर जर्मनीला गेलेली. उरलेल्या मानकऱ्यांत निम्म्यांचे गुडघे बदललेले. म्हणून यंदा पालखी पोराच्या नव्या टेम्पोवरून निघेल असं रेमिजोनंच ठरवलं. ठरवलं, आणि मग दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

एर्मिनियो कधी मानकरी झाला नव्हता. विशीत तोही उत्तरेला गेला होता, तो चाळिशीत परतला. त्याच्या खांद्याला संतांच्या वजनाबद्दल काही मत नव्हतं. पण टेम्पोला होतं. चार क्विंटल कलिंगडं भरली की मागचे स्प्रिंगचे पाटे किती दबतात, हे एर्मिनियोला सीटवर बसल्याबसल्या कळायचं. पालखीच्या दिवशी फळ्यांवरून सरकवत संतांना वर घेतलं, म्हाताऱ्यांनी कपाळं पुसली, आणि टेम्पो दबला तो कलिंगडांएवढाच. एर्मिनियोनं आरशात पाहिलं. बाप पालखीचा दांडा धरून मागे उभा होता. एर्मिनियोनं गिअर टाकला.

आता पत्र घेऊन तो शहरातल्या सर्व्हिस सेंटरला गेला. तिथला मॅनेजर आत्तिलियो बेल्लुची कास्तेलग्रानोचा होता.

"साहेब, संत नऊ क्विंटलचे नाहीत."

"पाटीवर लिहिलंय. मी वाचलंय की. लहानपणी तुमच्या चर्चवर दगड मारायला यायचो आम्ही."

"चार असतील. फार तर साडेचार."

बेल्लुचीनं त्याच्याकडे जरा कीव येऊन पाहिलं. "हे गावात बोललात?"

"नाही."

"मग माझ्यापाशी बोलून काय उपयोग? तुमच्या मुख्य मानकऱ्याला घेऊन या. त्यांनी सांगितलं तर कंपनीला पुन्हा लिहितो. पण या महिन्यात. मग फाइल बंद."

मुख्य मानकरी रोज संध्याकाळी एर्मिनियोच्याच टेबलाशी बसून सूप प्यायचा. तरी दिवसामागून दिवस गेले. एर्मिनियो मेव्हण्याच्या मोटारीच्या डिकीत पालेभाजी कोंबून फिरत होता, आणि वरच्या गावांत पोचेपर्यंत तिचं जे व्हायचं ते बघून बायका दारं लावून घेत होत्या. कास्तेलग्रानोचा एक भाजीवाला आताशा तिकडे येऊ लागला होता. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या भोंग्याला सरावलं की परत येत नाही.

"विचार ना बाबांना," ओर्सोला म्हणाली.

"काय विचारू? की तुमची पाठ निम्म्याच वजनानं मोडली का?"

"वजन निम्मं असलं तरी पाठ अख्खी मोडली की."

शेवटी रविवारच्या जेवणात म्हाताऱ्यानंच विषय काढला.

"काय म्हणते कंपनी?"

"भार जास्त झाला म्हणते. संतांचा."

"नऊ धरून?"

"हो, बाबा."

रेमिजोनं पावाच्या तुकड्यानं ताटलीतला रस्सा पुसायला घेतला. ताटली स्वच्छ झाली तरी पुसत राहिला.

"धरणाच्या कामावर मी सिमेंट वाहायचो," तो म्हणाला. "पन्नास किलोची गोणी. संतांना फिरवून आलो की दुसऱ्या दिवशी सकाळी गोणी पाठीवर घ्यायची. दर वर्षी मनात यायचं, ही जड आहे."

एर्मिनियोनं काटा खाली ठेवला. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"बाराही जणांना होतं. आपल्या खांद्यावर काय येतं ते ज्याचं त्याला कळतं. गुणाकार कुणी केला नाही, एवढंच."

"आणि मग नऊ?"

"नऊ आम्ही आलो तेव्हा पाटीवर होतेच. आम्ही ते खाली पडू दिले नाहीत." त्यानं तो तुकडा तोंडात टाकला. "तूही काही बोलला नाहीस त्या दिवशी. आरशात मला दिसलास."

मग म्हाताऱ्यानं विचारलं, "उद्या किती वाजता उघडतं ते दुकान?"

सकाळी रेमिजोनं काळा कोट घातला. हा कोट वर्षातून एकदा संतांसाठी निघायचा आणि एरवी मयतीला. मानकऱ्याचा चांदीचा बिल्ला मात्र त्यानं खणातच ठेवला.

"बसा ना, रेमिजोकाका," बेल्लुची म्हणाला.

"उभाच बरा. बसलो की उठवावं लागतं. लिहून घ्या. संत दोनातो, चार क्विंटल."

बेल्लुचीनं पेन उघडलं, पण लिहिलं नाही. "काट्यावर घातलंय?"

"घालू. तेलाच्या घाण्यावर मोठा काटा आहे, ऑलिव्हच्या ट्रॉल्यांचा. छापील पावती देतो. तुम्हीही या."

"गावाला कळेल मग."

"चौकातूनच न्यावं लागतं. कळणारच."

बेल्लुचीचा हात आपसूक उजव्या खांद्यावर गेला. शर्टाच्या आत सुपारीएवढा उंचवटा होता. एर्मिनियोच्या ते आज पहिल्यांदा लक्षात आलं.

"ती बातमी छापणारा वार्ताहर," बेल्लुची सावकाश म्हणाला, "त्यानंतर सरळ आमच्या संत वीतोंकडे येईल."

"येईल की. तुमचे वडील मागच्या डाव्या दांड्याला असायचे, नाही का?"

"असायचे. अजून दारात बसतात. बनियनवर."

रेमिजोनं मान हलवली. "तुमच्या गावाशी माझं आता काही भांडण नाही हो. मला पोराचा टेम्पो हवाय."

बेल्लुचीनं पेन मिटलं, बाह्या दुमडल्या आणि बॅटरी घेऊन स्वतः वर्कशॉपमध्ये गेला. परत आला तेव्हा कोपरापर्यंत ग्रीसनं माखला होता. त्यानं दोघांना आत नेलं आणि मोडलेल्या ॲक्सलवर उजेड धरला.

"हे बघा. तड्याच्या आत रंग शिरलाय, कारखान्यातला. म्हणजे रंग मारायच्या आधीपासून तडा होता. चूक कंपनीची."

एर्मिनियो वाकला. रंग होता, नखाएवढा, काळा कुळकुळीत. पहिल्या दिवसापासून तिथेच होता.

"मग इतके दिवस दिसला कसा नाही?"

"बघितलं कुणी?" बेल्लुची म्हणाला. "कात्रण वाचलं आणि पुढं काही बघायची गरजच वाटली नाही." त्यानं हात पुसले. "नवा ॲक्सल बसवून देतो. वजनाचं काही लिहायला नको. त्याचा इथे संबंधच येत नाही."

रेमिजोनं त्याच्या खांद्यावर, बरोबर त्या सुपारीवर, हात ठेवला आणि काढून घेतला.

पेत्राफोस्कात परतल्यावर दोघं चौकातल्या बारमध्ये कॉफीला थांबले. पालखीच्या उजव्या दांड्याचा जुना मानकरी कोझिमो पत्ते टाकून त्यांच्याकडे वळला.

"काय रे, मानलं का कंपनीनं?"

"मानलं. ॲक्सल मुळातच तडकलेला होता."

"तडकलेल्या ॲक्सलवर नऊ क्विंटल?" कोझिमोनं सगळ्या बारला साक्षीला घेतलं. "ऐकलंत का? अरे, नेलेस तरी कसे?"

पत्ते थांबले. रेमिजो साखर घेत नाही, तरी चमचा घेऊन कॉफी ढवळत बसला. मान खाली, पाठीची ती कमान कोटातून वर आलेली. एर्मिनियो तिच्याकडे बघत राहिला.

"हळू चालवला," तो म्हणाला.