लसाविताईची फरशी

शाळेत मसावि विचारला की ती हमखास लसावि काढायची. महत्तम म्हणजे सगळ्यात मोठा, मग उत्तरही मोठंच यायला हवं, असं तिचं सरळसोट डोकं. तेव्हापासून धाकट्या भावानं तिला 'लसाविताई' करून टाकलं. केस पिकायला लागले तरी नाव काही सुटलं नाही.

आता हीच लसाविताई आईच्या खोलीत फरशी बसवायला निघाली होती. जुन्या फरशीत खिडकीखाली कापून जोडलेली पट्टी होती. तिची कड उठली, आईच्या खुर्चीचं पुढचं चाक तिच्यात अडकलं आणि आई तोंडावर पडली. हाड वाचलं, पण धीर मोडला. खिडकीशी नेतो म्हटलं की म्हणायची, "राहू दे गं, इथूनच दिसतंय." तिथून दिसायची ती फक्त कपाटाची पाठ.

तेव्हा ताईनं पदर खोचला. फरशी चौरस हवी, एकही न कापता बसायला हवी आणि होईल तेवढी मोठी, म्हणजे सांधे कमी. खोली मोजली. लांबी चारशे वीस सेंटिमीटर, रुंदी दोनशे नव्याण्णव. जुन्या सवयीनं आधी लसाविच काढला.

भाऊ पोट धरून हसला. "ताई, ही एक फरशी सव्वा किलोमीटरची झाली!"

ती ओशाळली, पण हटली नाही. दोन्ही मापांना नि:शेष भाग जाणारी मोठ्यात मोठी संख्या, असं पुटपुटत पुन्हा बसली. शेवटी उरला एक.

"आता एका सेंटिमीटरची," भाऊ म्हणाला. "सोड ना. कडेची रांग दुकानातून कापून आणू."

"कापलेलं काही आईच्या चाकाखाली येणार नाही."

तिनं टेप पुन्हा धरली, या वेळी कोपऱ्यात. तीनशे! भिंतीवरून हात फिरवला. खिडकीखाली गिलाव्याला पोट सुटलं होतं. तीनशे आणि चारशे वीस. मसावि साठ. पाच ओळी, ओळीत सात फरशा.

"एका सेंटिमीटरसाठी भिंत खरवडणार?"

"हो."

छिन्नी-हातोडी घेऊन तिनं ते पोट उतरवलं, वर सांध्यांपुरती सूतभर जागाही काढली. तळहाताला फोड आले. भाऊ कुरकुरत का होईना, सिमेंट कालवत राहिला. शेवटची फरशी भिंतीशी अख्खी बसली तेव्हा ताईला रडूच आलं.

फरशी सुकून पक्की झाल्यावर तिनं आईची खुर्ची उंबऱ्याशी आणली आणि ढकलू लागली. आईनं खुर्चीचे दोन्ही हात गच्च धरले होते. पहिला सांधा गेला, दुसरा गेला. चाक कुठंच अडखळलं नाही.

"थांब," आई म्हणाली.

ताईनं खुर्ची जागीच थांबवली.

"हात काढ तुझा. माझी मी जाते."